लहरी माणसाची सरासरी

त्या दिवशी देवदिवाळी होती, १५ नोव्हेंबर २०२४. दुर्गाघाटावरच्या आमच्या घराची गच्ची पुण्याहून, इंदूरहून आलेल्या पाहुण्यांनी भरली होती, खाली पंचगंगा घाटापर्यंत पायऱ्या-पायऱ्यांवर पणत्या लागल्या होत्या, आणि माझा भाचा पाण्याच्या टाकीला टेकून फोनमध्ये डोकं घालून बसला होता. साडेआठला जोहान्सबर्गला भारत आणि दक्षिण आफ्रिका यांच्यातला चौथा टी-ट्वेंटी सामना सुरू होणार होता आणि त्याआधी त्याला ‘टीम लावायची’ होती. (हा आमच्या घरातला शब्द. ‘टीम लगाना’ आमच्या बनारसी मराठीत उतरलं ते असं.)

“आत्या, संजूला घेऊ की सोडू?”

मला क्रिकेट बेताचंच कळतं. पण काही वर्षांपूर्वी अशाच एका फँटसी खेळाच्या अ‍ॅपचा मदतीचा मजकूर मी इंग्रजीतून मराठीत आणला होता, त्यामुळे भाच्याच्या लेखी मी त्या विषयातली जाणकार आहे. खेळ सोपा. प्रत्यक्ष सामना खेळणाऱ्या दोन्ही संघांतून तुम्ही अकरा जण निवडायचे. प्रत्येक खेळाडूची किंमत ठरलेली, तुमच्याकडे एकूण शंभर क्रेडिट, तेवढ्यात अकरा जण बसवायचे. मैदानावर त्यांनी जे केलं त्याचे गुण तुम्हाला मिळतात. तुम्ही ज्याला कर्णधार कराल त्याचे गुण दुप्पट, उपकर्णधाराचे दीडपट, आणि फलंदाज भोपळ्यावर बाद झाला तर दोन गुण वजा. मैदानावरच्या माणसाला याचा पत्ताही नसतो. जोहान्सबर्गला कुणीतरी झेल सोडतो आणि दुर्गाघाटावर एकाचे एकोणपन्नास रुपये बुडतात.

त्या अनुवादात मी सर्वांत जास्त वेळ ‘क्रेडिट’ या एका शब्दावर घालवला होता. शेवटी तो तसाच ठेवला, कारण मराठीत त्याला दोन शब्द आहेत आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. एक ‘श्रेय’, दुसरा ‘पत’. श्रेय मागे पाहतं, जे करून झालं त्याचं ते मिळतं. पत पुढे पाहते. तुम्ही उद्याही कराल, या भरवशावर लोक आज जे तुमच्या हाती देतात ती पत. बहुतेक माणसांच्या बाबतीत ही दोन्ही बरोबर चालतात, म्हणून हा फरक जाणवत नाही. तो जाणवतो संजू सॅमसनसारख्याच्या बाबतीत. त्याला श्रेय भरपूर आहे. पत मात्र कधी चढलेली, कधी शून्य.

त्या संध्याकाळचा हिशेब असा होता. १२ ऑक्टोबरला हैदराबादला बांगलादेशविरुद्ध ४७ चेंडूंत १११. पुढचाच सामना, ८ नोव्हेंबरला डर्बनला, ५० चेंडूंत १०७. लागोपाठच्या दोन टी-ट्वेंटी सामन्यांत शतक करणारा तो पहिला भारतीय ठरला. त्यापुढच्या दोन सामन्यांत शून्य आणि शून्य. मी भाच्याला म्हटलं, “दोनदा शून्य झालंय, तिसऱ्यांदा होणार नाही.” हे तर्कशास्त्र नव्हतं, आपण सगळेच बोलतो तसं काहीतरी. भाचा गणिताचा विद्यार्थी. त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं आणि संजूला वगळलं. संजूने नाबाद १०९ केल्या.

पणत्या विझल्यावरही तो मुलगा तोंड पाडून बसला होता. मग त्याने जे केलं ते फारच मानवी होतं. जानेवारीत इंग्लंडचा संघ आला तेव्हा पाचही सामन्यांत त्याने संजूला घेतलं, आणि कर्णधार केलं. संजूच्या धावा २६, ५, ३, १ आणि १६.

हे दहा डाव ओळीने मांडले की काय दिसतं ते पाहा. १११, १०७, ०, ०, नाबाद १०९, २६, ५, ३, १, १६. बेरीज ३७८. एकदा नाबाद, म्हणून भागायचं नऊने. सरासरी नेमकी ४२. टी-ट्वेंटीत कुठल्याही सलामीच्या फलंदाजाने मिरवावी अशी. आणि या दहापैकी एकही दिवस असा नाही ज्या दिवशी त्याने बेचाळीसच्या आसपासही धावा केल्या. सव्वीसच्या वर थेट एकशे सात. सरासरीने ज्या माणसाचं वर्णन केलं आहे तो माणूस त्या चार महिन्यांत एकदाही मैदानावर उतरलेला नाही. याच दहा डावांचा मध्यक काढला तर येतो साडेदहा. म्हणजे एक आकडा सांगतो की हा मोठा खेळाडू आहे, दुसरा सांगतो की याला घरी बसवा, आणि दोन्ही आकडे खरे आहेत.

मग याची किंमत काय? भाच्याचं उत्तर मला तेव्हा चलाख वाटलं होतं. आता ते चलाखीच्या पलीकडचं वाटतं. तो म्हणाला, “संजूची किंमत संजूत नाहीये आत्या, स्पर्धा कुठली आहे त्यात आहे.” दोघांच्या स्पर्धेत, जिथे समोरच्या एकाला हरवलं की झालं, तिथे रोज तीस-पस्तीस धावा देणारा माणूस हवा. पण लाखो लोकांच्या मोठ्या स्पर्धेत, जिथे बक्षिसाचा मोठा वाटा पहिल्या काही जणांनाच जातो, तिथे तीस-पस्तीस धावा देणारे अकरा जण घेतले तर तुम्ही सभ्यपणे मधल्या हजारांत कुठेतरी संपता. तिथे लहरी माणूसच हवा. तो बुडाला तर बुडाला, तसेही आपण हरणारच होतो. पण त्याचा दिवस असला, आणि इतरांनी त्याला भीतीने सोडलेलं असलं, तर गोष्टच वेगळी. शिवाय एकच माणूस तिथे अनेक संघ उतरवू शकतो. काहींत संजू, काहींत संजू नाही. अशा माणसासाठी संजूचं शून्य हा एक छोटा खर्च असतो, बस.

हे भाच्याआधी जवळजवळ तीन शतकं एकाने लिहून ठेवलं आहे. १७३८ साली डॅनिएल बर्नुली या गणितज्ञाने एक उदाहरण दिलं होतं. एका अगदी गरीब माणसाच्या हाती सोडतीचं तिकीट आलं आहे, ज्यावर वीस हजार मोहरा मिळतील किंवा काहीच मिळणार नाही, दोन्हींची शक्यता सारखी. सरासरी किंमत दहा हजार. पण त्या गरिबाने ते नऊ हजारांना विकून टाकलं तर तो मूर्ख नव्हे, असं बर्नुली म्हणतो, आणि एखाद्या श्रीमंताने ते नऊ हजारांना घेतलं नाही तर तो शहाणा नव्हे. तिकीट एकच, शक्यता त्याच, तरी किंमत दोन, कारण शून्य सोसण्याची ऐपत दोन प्रकारची. अनिश्चितता परवडणं हीच मुळात श्रीमंती आहे.

भाचा हे सगळं क्रिकेटबद्दल बोलत होता. मला मात्र गच्चीवर उभ्या उभ्या काकूची आठवण झाली.

काकू खालच्या मजल्यावर राहते. वय अठ्ठ्याहत्तर. काकांना जाऊन सहा वर्षं झाली. काका तबला वाजवत. कबीरचौऱ्याला शिकलेले, हाताला बनारस बाजाचं वजन. ब्रह्माघाटाच्या गणेशोत्सवात, कुणाच्या घरच्या बैठकीत, कधी एखाद्या मंदिराच्या शृंगाराच्या रात्री त्यांचं वाजवणं ज्यांनी ऐकलं ते अजून त्याबद्दल बोलतात. मी स्वतः दहावीत असताना ऐकलेला एक तीनताल मला अजून जसाच्या तसा आठवतो. आठवतो म्हणजे बोल आठवत नाहीत, भिंतीला टेकलेली माझी पाठ आठवते, ती भिंत आतून हलतेय असं वाटलं होतं ते आठवतं. अशा संध्याकाळी आम्ही घरातले लोक तीन मोजतो. फार तर चार.

बाकीच्या संध्याकाळी काका येत नसत. किंवा येत आणि वाजवत नसत. किंवा वाजवत, पण ते वाजवणं त्यांनाच लाज आणणारं असे आणि ते मध्येच उठून जात. दारूचा वगैरे मामला नव्हता, लोकांना पटकन तसं वाटतं म्हणून सांगते. ते लहरी होते, एवढंच. घाटावर बसून राहत, होडीतून पलीकडे वाळूत जाऊन झोपत. शिष्य येऊन ताटकळत आणि निघून जात.

घर काकूच्या पगारावर चाललं. मुलींच्या शाळेत तिने एकतीस वर्षं नोकरी केली. आणि दुसरीही एक गोष्ट तिने केली, जी तबल्याशी परिचय नसलेल्यांना सांगायला हवी. एकल तबलावादनाला साथीला पेटीवर किंवा सारंगीवर एक छोटी धून सतत वाजत असते. तालाच्या एका आवर्तनात बसणारी, तीनतालात सोळा मात्रांची. तिला लहरा म्हणतात. पाऊण तास, तास ती तशीच फिरत राहते. तबलजी लयीशी वाटेल ते खेळ करतो, दुपटीत जातो, आडीत जातो, ऐकणाऱ्याला वाटतं हा हरवला, आणि मग तो समेवर बरोबर येऊन आदळतो. तो परत आला हे आपल्याला कळतं, कारण लहरा जागचा हललेला नसतो. लहरा वाजवणाऱ्याने तबल्याच्या नादाला लागायचं नसतं. रंगून जायचं नसतं. काका घरी रियाजाला बसत तेव्हा पेटीवर लहरा काकू धरायची. शाळेतून आल्यावर, स्वयंपाकाच्या आधी. मराठीत ‘लहरी’ आणि ‘लहरा’ हे शब्द इतके जवळ आहेत याचं मला अनेक वर्षं हसू यायचं.

तर प्रश्न असा की काकांची किंमत काय. हा प्रश्न मी हौसेने काढलेला नाही. २०२५ च्या गणेशोत्सवात काही मंडळी घरी आली. काकांच्या स्मरणार्थ कार्तिकात एक बैठक करायची, छोटी स्मरणिका काढायची, आणि “तुम्ही लिहिणाऱ्या आहात, तर मुख्य लेख तुम्हीच द्या.” तीन संध्याकाळींवर लेख लिहायला काहीच अडचण नव्हती. मी तो दोन दिवसांत लिहिलाही. वाचून पाहिला तेव्हा लक्षात आलं की मी भाच्याचं काम केलं आहे. १११, १०७, १०९. मधले डाव गाळून लिहिलेला फलक.

माणसाच्या चंचलपणाला त्याच्या कर्तृत्वाने माफी मिळते का, यावर आधुनिक काळात सर्वांत गाजलेलं लेखन बर्नार्ड विल्यम्स या इंग्रज तत्त्वज्ञाचं आहे. ‘मॉरल लक’ या १९७६ मधल्या त्याच्या निबंधात चित्रकार गोगँ येतो. बायकामुलांना मागे टाकून चित्रं काढायला दूर बेटावर निघून गेलेला. विल्यम्सचं म्हणणं, त्याच्या या निर्णयाचं समर्थन झालंच तर ते यशाने होईल, आणि यश येईल की नाही हे निर्णय घेताना त्याला कळणं शक्य नव्हतं. म्हणजे नैतिकतेतही नशिबाला जागा आहे. विद्यापीठात हे वाचलं तेव्हा मी भारावले होते. पण विल्यम्सने सुरुवातीलाच स्वतःला एक सूट घेतली आहे. खऱ्या गोगँच्या तपशिलांत आपण अडकायचं नाही, असं त्याने सांगून टाकलं आहे. खऱ्या गोगँच्या बायकोचं नाव मेट. पाच मुलं. ती कोपनहेगनला फ्रेंचच्या शिकवण्या आणि अनुवाद करून घर चालवत होती. मी अनुवादक असल्यामुळे असेल, पण हा तपशील सोडायला माझं मन तयार होत नाही. विल्यम्सच्या सगळ्या युक्तिवादात निर्णय गोगँचा, जोखीम गोगँची, पश्चात्ताप झालाच तर गोगँचा. ज्या व्यक्तीकडे एकच संघ होता आणि त्यात हा एकच खेळाडू होता, ती व्यक्ती निबंधाबाहेर शिकवणीला गेलेली आहे.

आपल्याकडे नलाची कथा आहे. महाभारताच्या वनपर्वात ऋतुपर्ण राजा धावत्या रथातून बेहड्याच्या झाडाकडे नुसतं पाहून सांगतो की त्याच्या दोन फांद्यांवर पाच कोटी पानं आणि दोन हजार पंच्याण्णव फळं आहेत. नल रथ थांबवतो, झाड तोडतो, मोजून पाहतो, बरोबर निघतं. मग घोड्यांच्या विद्येच्या बदल्यात तो ऋतुपर्णाकडून फाशांची विद्या घेतो आणि पुढे राज्य परत जिंकतो. संभाव्यतेच्या इतिहासकारांना हा प्रसंग फार आवडतो, कारण अंदाज बांधणं आणि जुगार खेळणं ही एकच विद्या आहे हे इथे किती आधी कळलं होतं. आपल्या न्यायालयांनीही साधारण तेच म्हटलं. १८६७ च्या जुगार कायद्यात निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट होती, आणि २०१७ मध्ये पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने, २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ड्रीम ११ च्या खटल्यांत सांगितलं की खेळाडूंना जोखणं हे कौशल्य आहे, म्हणून हा जुगार नव्हे. माणसं जोखण्याचं कौशल्य! मला हे वाक्य कायद्याच्या पुस्तकापेक्षा लग्न जुळवणाऱ्या मावशांच्या तोंडी जास्त शोभलं असतं. पण नलाची गोष्ट सांगताना आपण पानांच्या मोजणीपाशी थांबतो. तो ही विद्या शिकण्याआधी दमयंती चेदीच्या राजवाड्यात सैरंध्री म्हणून राहिली होती, ते तेवढं रंगवून सांगत नाही.

इथे काकांच्या बाजूने एक गोष्ट बोलायला हवी, नाहीतर मी उलट्या बाजूचा फलक लिहिल्यासारखं होईल. चंचलपणा सगळा माणसाच्या आत नसतो. अमेरिकेत फँटसी खेळ मुख्यतः त्यांच्या फुटबॉलवर चालतो, आणि तिथे बेभरवशाची समजली जाणारी एक जागा म्हणजे वाइड रिसीव्हरची. हा माणूस कडेने लांब धावत जातो आणि चेंडूची वाट पाहतो. चेंडू फेकायचा दुसऱ्याने. त्याने फेकलाच नाही, किंवा दुसरीकडे फेकला, तर याने कितीही सुंदर धाव घेतली असली तरी याच्या नावापुढे काही लागत नाही, आणि पुढच्या आठवड्यात लोक म्हणतात, हा चंचल आहे. संजू सॅमसनचा पहिला आंतरराष्ट्रीय टी-ट्वेंटी सामना जुलै २०१५ मध्ये हरारेला झाला. दुसरा, जानेवारी २०२० मध्ये पुण्याला. मधल्या काळात भारत ७३ टी-ट्वेंटी सामने त्याच्याविना खेळला. पुण्यात त्याने पहिल्याच चेंडूवर षटकार मारला आणि दुसऱ्या चेंडूवर पायचीत झाला. साडेचार वर्षांनी मिळालेले दोन चेंडू. २०२४ च्या विश्वचषकात तो संघात होता आणि एकही सामना खेळला नाही. ज्याला सातत्याने संधीच मिळत नाही त्याच्याकडून सातत्य मागणं यात काहीतरी लबाडी आहे. काकांनाही बोलावणी यायची ती सणासुदीला, मानधन कधी यायचं, कधी नारळ आणि उपरणं. ते वाळूत जाऊन झोपत तेव्हा कुणी त्यांची वाट पाहत होतं असंही नेहमी नसे. घर सोडून.

तर घरच शिल्लक राहतं. मी लेख घेऊन काकूकडे गेले. तिने चष्मा लावून तो सावकाश वाचला, दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं. शाळेतली सवय.

“छान झालाय,” ती म्हणाली. “ती ब्रह्माघाटाची बैठक तू बरोबर लिहिलीस. हे त्या दिवशी खरंच तसे वाजले.”

मी विचारलं, नेमकं कसं ते आता आठवत नाही, बहुधा फारच आडून, की या तिघी संध्याकाळींसाठी बाकीचं सगळं… म्हणजे तुला काय वाटतं.

तिला प्रश्न कळला. तिने पेन बंद केलं. “हे आले नाहीत, वाजवलं नाही, याचं मला काही नव्हतं गं. पैशाचंही नव्हतं, माझा पगार होता. पण ताटं किती मांडायची ते मला सहाला कळायला नको का? कधी चौदा माणसांचा स्वयंपाक करून बसायचं आणि कुणी नाही. कधी पिठलं-भात टाकलेला आणि हे दहा जणांना घेऊन हजर. तुमची ती आत्ता काय म्हणतेस, दिवाळीसारखी संध्याकाळ, ती त्यातलीच एक होती. मी आत पोळ्या लाटत होते. लहरा कुणी दुसऱ्याने धरला होता त्या दिवशी.”

मला हे ठाऊक नव्हतं. त्या खोलीत मी होते, भिंतीला पाठ लावून, आणि पेटीवर कोण होतं हे मी पाहिलंही नव्हतं.

मी इतकी वर्षं हिशेब चुकीचा मांडत होते असं तेव्हा वाटलं, आणि अजून वाटतं. मी एका पारड्यात तीन संध्याकाळी टाकत होते आणि दुसऱ्यात शेकडो शून्यं. काकूच्या लेखी शून्य हे वजनच नव्हतं. शून्य सोसता येतं, त्याची सवय होते, त्याभोवती घर उभं करता येतं. रोजच शून्य असतं तर ती काका नाहीतच असं धरून सुखाने जगली असती. तिच्या आयुष्यातला खर्च झाला तो शून्य आणि शंभर यांच्यामधल्या वेळात, दाराकडे कान ठेवून. अ‍ॅपवर निदान टॉसनंतर अकरा नावं जाहीर होतात, तुमचा माणूस खेळणारच नसेल तर तुम्ही सामना सुरू होईपर्यंत त्याला बदलू शकता. काकूला नावं कधी कुणी सांगितली नाहीत, आणि बदलायला दुसरं कुणी नव्हतं.

आणि आम्ही? आम्ही बाकीचे घरातले, मोहल्ल्यातले, स्मरणिका काढणारे, आम्ही सगळे फुकटच्या स्पर्धेत खेळत होतो. काका आले तर आमचं नशीब, नाही आले तर आम्ही आपापल्या घरी जाऊन वरण-भात खात होतो. लहरी माणसावर इतकं निखळ प्रेम करणं आम्हाला जमलं, कारण आमचं काहीच लागलेलं नव्हतं. ते प्रेम खोटं होतं असं मी म्हणत नाही. ती भिंत खरंच हलली होती. पण त्या प्रेमाच्या जोरावर “शेवटी एवढं मोठं वाजवून गेले, सगळं फिटलं” असं जे आम्ही सहज म्हणून टाकतो, ते म्हणण्याचा अधिकार आमच्याकडे कुठून आला ते मला सांगता येत नाही. फिटलं की नाही हे ज्याचं देणं होतं त्यानेच म्हणायचं असतं. आणि काकूने ते म्हटलं नाही. नाही फिटलं, असंही म्हटलं नाही. तिने ताटांचा विषय काढला.

एकदा वाटलं की लेख फाडून टाकावा आणि काकूवरच लिहावा. तो मोह मी टाळला, कारण तीही एक लबाडीच झाली असती. काकांच्या बैठकीला काकूचं चरित्र वाटायचं, म्हणजे तिला न विचारता तिला पुन्हा साथीला बसवायचं. शिवाय सातत्याची पूजा बांधण्यात मला रस नाही. राहुल द्रविडची कसोटी सरासरी बावन्न, वीरेंद्र सेहवागची एकोणपन्नास. तीन धावांचा फरक. पण मुलतानचे ३०९ आणि चेन्नईचे ३१९ द्रविडच्या खात्यात नाहीत, आणि बर्मिंगहॅमला २०११ मध्ये दोन्ही डावांत पहिल्याच चेंडूवर बाद होणंही नाही. दोघंही हवे होते, आणि एकाच संघात हवे होते, हे कुणीही सांगेल. फक्त सेहवाग बाद झाल्यावर पॅड बांधून तयार बसलेला माणूस कोण होता हेही त्याच फलकावर दिसतं. मैदानावर ते दिसतं. घरांचे असे फलक कुणी लावत नाही.

लेखात मी शेवटी एक परिच्छेद वाढवला. लहरा म्हणजे काय, तो घरी कोण धरत असे, आणि त्या बैठकीच्या दिवशी ती व्यक्ती आत काय करत होती. एवढंच, विशेषणांशिवाय. मंडळींचा फोन आला की लेख सुंदर आहे, पण जागेचा प्रश्न आहे, तो तांत्रिक भाग काढला तर चालेल का. मी अजून उत्तर दिलेलं नाही.

मधल्या काळात भाच्याच्या खेळातले पैसे गेले. २२ ऑगस्ट २०२५ ला ऑनलाइन गेमिंगच्या नव्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली, कौशल्य की नशीब हा इतक्या वर्षांचा खल पैसे लावण्याच्या खेळांपुरता निकालात निघाला, आणि ड्रीम ११ ने पैशाच्या स्पर्धा बंद केल्या. आता तो फुकटच्या स्पर्धांत संघ लावतो. मजा नाही म्हणतो, तरी लावतो. १० सप्टेंबरला दुबईत आशिया चषकातला भारताचा पहिला सामना होता, आणि संजू खेळणार की त्याच्या जागी दुसरा यष्टिरक्षक, यावर दिवसभर चर्चा चालली होती. संध्याकाळी भाचा काकूच्या खोलीत फोन घेऊन बसला होता. ती वाटाणे सोलत होती.

“आजी, तू सांग. संजूला कर्णधार करू?”

“खेळणारेय का तो नक्की?”

“ते टॉसनंतर कळेल. साडेसातला.”

“मग साडेसातला विचार,” काकू म्हणाली, आणि परातीतले वाटाणे एका बाजूला सारून त्याला जेवायला थांबणार आहेस का ते आधी सांग म्हणाली.